आरमाराचा दोर

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर पोर्टस्मथ येथें 'व्हिक्टरी' नांवाचें एक जुनें लढाऊ जहाज आजही जतन करून ठेविलेलें आहे. १८०५ सालीं ट्रॅफल्गारच्या लढाईंत सेनापति नेल्सन ज्या जहाजावर धारातीर्थीं पडला तेंच हें. पाहावयास येणारे लोक त्याच्या तोफा मोजतात, ओक लांकडाच्या जाड फळ्यांवरून हात फिरवितात, नेल्सन जेथें कोसळला ती जागा पाहतात आणि परततात. डोक्यावर पसरलेल्या दोरांच्या जाळ्याकडे क्वचितच कोणाचें लक्ष जातें. परंतु या एका जहाजाला सुमारें २६ मैल लांबीचा दोर लागत असे. नांगराचा दोर तर इतका जाड कीं, त्याचा घेर दोन फूट भरे. दोर तुटला म्हणजे शीड गेलें, आणि शीड गेलें म्हणजे जहाज वाऱ्याच्या व शत्रूच्या हातीं सांपडलें. शिवाय दोर हा लांकडासारखा दीर्घायुषी नव्हे. ऊन, पाऊस आणि खारें पाणी यांनीं तो कांहीं वर्षांत कुजे आणि सगळाच्या सगळा नवा घालावा लागे. जहाजाच्या लांकडाची कथा इतिहासकारांनीं पुष्कळ रंगविली आहे. दोराची कथा मात्र हिशेबाच्या वह्यांतच पडून राहिली.

हा दोर ज्या वनस्पतीच्या सालींतून निघत असे ती वनस्पति म्हणजे भांग. महाशिवरात्रीला आणि होळीला जिची घोटून ठंडाई होते, जिच्यापासून गांजा व चरस निघतो, तीच ही भांग, असें सांगितलें तर पुष्कळांना तें खरें वाटत नाहीं. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीनें दोहींची जात एकच. फरक पडतो तो बियाण्याच्या वाणानें, हवेनें आणि पेरणीच्या रीतीनें. धाग्यासाठीं भांग पेरावयाची ती गव्हासारखी दाट. रोपांना आजूबाजूस पसरावयास जागा मिळाली नाहीं म्हणजे तीं प्रकाशासाठीं सरळ वर जातात, फांद्या फुटत नाहींत, आणि पुरुषभर किंवा त्याहूनही उंच असा सडसडीत दांडा तयार होतो. त्याच्या सालींत मुळापासून शेंड्यापर्यंत लांब तंतु मिळतात. गांजासाठीं हेंच पीक विरळ लावतात, रोपांना फांद्या फुटूं देतात आणि नराचीं झाडें शोधून उपटून टाकतात, कारण मादीला बीं धरलें तर गांजा बिघडतो. गंमत अशी कीं, गांजावाला जें नराचें झाड फेकून देतो त्याचाच धागा अधिक मऊ आणि तलम असतो. एकाच झाडाचे हे दोन धंदे एकमेकांकडे पाठ करून उभे आहेत.

नांवांचा घोळ हा या विषयांतला मोठाच अडथळा आहे. इंग्रजींत 'हेम्प' म्हणजे मूळ भांग. पण ज्या ज्या झाडापासून दोर वळतां येतो त्या त्या झाडाला व्यापाऱ्यांनीं हें नांव चिकटवून दिलें. आपल्याकडील ताग हा 'सन हेम्प' झाला आणि बाजारांत 'बाँबे हेम्प' म्हणूनही विकला गेला. अंबाडी ही 'डेक्कन हेम्प' झाली. फिलिपाइन बेटांतील केळीच्या जातीचें एक झाड 'मनिला हेम्प' ठरलें. घायपाताचा भाऊबंद 'सिसल हेम्प' म्हणवूं लागला. यांपैकीं एकाचाही भांगेशीं रक्ताचा संबंध नाहीं. ताग हा शेंगेच्या कुळांतला, अंबाडी भेंडीच्या नात्यांतली. मराठींतही कांहीं कमी गोंधळ नाहीं, कारण बंगालच्या 'पाटा'लाही आपण तागच म्हणतों. जुने कागद वाचतांना 'हेम्प' दिसलें कीं लगेच भांग समजण्याची चूक अनेक लेखकांकडून झाली आहे.

जुन्या भारतीयांनीं हा भेद निदान कांहीं ठिकाणीं नीट पाळला होता. पाणिनीच्या व्याकरणांत निरनिराळ्या धान्यांच्या शेतांना कोणते शब्द लावावे तें सांगतांना तीळ, उडीद आणि जवस यांच्या पंक्तीला भंगा बसविलेली आहे; म्हणजे भांगेचीं शेतें त्या काळीं तिळाच्या शेतांसारखींच ओळखीचीं होतीं. बौद्ध भिक्षूंना चीवरासाठीं जीं सहा प्रकारचीं वस्त्रें विनयपिटकांत मोकळीं ठेविलीं आहेत त्यांत जवस, कापूस, रेशीम आणि लोंकर यांच्याबरोबर शण व भंग हीं दोन वेगवेगळीं सांगितलीं आहेत. मनुस्मृतींत ब्राह्मणाचें जानवें कापसाचें, वैश्याचें लोंकरीचें, तर क्षत्रियाचें शणाचें असावें असा नियम आहे. कापूस आणि शण यांत राजाच्या गळ्यांत शण जावा, याचें कारण शोधावयास फार दूर जाण्याची जरुरी नाहीं. धनुष्याची दोरीही कापसाची करीत नसत.

इतर देशांतही हीच कथा आहे. थ्रेस देशांतील लोक भांगेचीं वस्त्रें विणतात आणि तीं जवसाच्या वस्त्रांहून ओळखूं येऊं नयेत इतकीं चांगलीं असतात, असें हिरोडोटस लिहितो. चीनमध्यें कापूस येण्यापूर्वीं शेंकडों वर्षें सामान्य लोकांचें कापड भांगेचें होतें. आईबापांच्या सुतकांत घालावयाचीं जाडीं भरडीं वस्त्रें याच कापडाचीं. इ. स. १०५ मध्यें त्साय लुन यानें राजदरबारीं कागदाची जी रीत सादर केली तींत झाडाची साल, चिंध्या आणि जुनीं मासळीचीं जाळीं यांजबरोबर भांगेचे तुकडे होते. जपानांत सम्राटाच्या राज्यारोहणानंतर होणाऱ्या दाइजोसाइ नांवाच्या विधीसाठीं भांगेचें विशिष्ट वस्त्र तोकुशिमा प्रांतांतून येतें. २०१९ च्या विधीसाठींही तें आलें होतें.

परंतु देवाधर्माचें वस्त्र वेगळें आणि आरमाराचा दोर वेगळा. युरोपांत भांगेला महत्त्व आलें तें समुद्रामुळें. 'कॅनव्हास' हा शब्दच मुळीं लॅटिन 'कॅनाबिस'पासून निघाला. पुढें शिडाचें कापड बहुधा जवसाच्या धाग्याचें होऊं लागलें, तरी नांव राहिलें. दोराला मात्र भांगच हवी असे. तिचा तंतु लांब, ताण सोसणारा, आणि पाईन झाडाचें डांबर चांगलें पिणारा. इंग्लंडचा राजा आठवा हेन्री यानें १५३३ सालीं कायदाच केला कीं, ज्याच्याकडे ६० एकर नांगरटीची जमीन असेल त्यानें पाव एकर तरी जवस किंवा भांग लावली पाहिजे. एलिझाबेथ राणीच्या काळीं हा हुकूम पुन्हां काढावा लागला, आणि ज्या अर्थीं तो पुन्हां काढावा लागला त्या अर्थीं शेतकरी तो कितपत पाळीत होते तें उघड आहे.

शेतकऱ्याचा कंटाळा समजण्यासारखा होता. भांग पेरणें सोपें. दाट वाढल्यानें तणालाही ती डोकें वर काढूं देत नाहीं. खरी मेहनत कापणीनंतर. तंतु हे दांड्याच्या लांकडाला एका चिकट द्रव्यानें घट्ट बसलेले असतात. तें द्रव्य कुजवून सैल करण्यासाठीं पेंढ्या पाण्यांत बुडवून ठेवाव्या लागतात. चार दिवस कमी झाले तर साल सुटत नाहीं. चार दिवस जास्त झाले तर तंतुच कुजतो. त्या पाण्याला येणारी दुर्गंधि ज्यानें एकदां घेतली तो ती विसरत नाहीं. १५४१ सालीं त्याच आठव्या हेन्रीला दुसरा कायदा करून, ज्या ओढ्यानद्यांवर गुरें पाणी पितात तेथें भांग वा जवस भिजत घालण्यास बंदी करावी लागली. एका कायद्यानें पीक लावावयास सांगावें आणि दुसऱ्यानें तें कुजविण्याचें पाणी काढून घ्यावें, असा हा प्रकार. पुढें पेंढ्या वाळवून दांडे मोडणें, झोडणें, आणि लोखंडी दांत्यांच्या फणीवरून तंतु विंचरणें. विंचरणाऱ्याच्या तोंडानाकांत जी धूळ जाते ती पुढें त्याचीं फुप्फुसें खाते. इटालियन वैद्य रामाझिनी यानें १७०० सालीं कारागिरांच्या रोगांवर ग्रंथ लिहिला, त्यांत जवस व भांग विंचरणाऱ्यांच्या दम्याचें आणि खोकल्याचें वर्णन आहे.

म्हणून इंग्रजांनीं हें काम दुसऱ्यांवर सोंपविलें. तो दुसरा म्हणजे रशियाचा भूदास. रशियाच्या मध्य भागांत भांग पिके, शिशिरांत बर्फावरून घसरगाड्यांनीं नदीकांठीं येई, वसंतांत बर्फ वितळल्यावर पडावांतून रीगा किंवा सेंट पीटर्सबर्गला उतरे. तेथें सरकारी पारखी पेंढ्या सोडून तंतूची प्रत ठरवीत, आणि त्यांची मोहोर असल्याशिवाय माल जहाजावर चढत नसे. पेरणीपासून इंग्लंडच्या गोदींत दोर वळला जाईपर्यंत सुमारें दोन वर्षें जात. अठराव्या शतकाच्या अखेरीस ब्रिटिश आरमाराची जवळजवळ सगळी भांग या एका वाटेनें येत होती. चॅटमच्या गोदींत १७९१ च्या सुमारास पुरी झालेली दोरशाळा १,१३५ फूट लांब आहे. दोर जितका लांब हवा तितकी सरळ जागा लागतेच. राजाच्या दोरांत एक वेगळ्या रंगाचा धागा मुद्दाम वळीत, म्हणजे चोरीचा दोर कोठेंही सांपडला तरी ओळखतां यावा. जुना, जीर्ण झालेला दोरही टाकीत नसत. तो तुरुंगांत आणि अनाथगृहांत पाठवीत, आणि तेथील कैदी, म्हातारे, पोरें बोटांनीं त्याचे तंतु सुटे करीत. ते डांबराबरोबर जहाजाच्या फळ्यांच्या फटींत ठासावयाचे. डांबरानें घट्ट झालेला दोर नखांनीं सोडवितां सोडवितां बोटें रक्तबंबाळ होत. साम्राज्याचें समुद्रावरील वैभव म्हणून जें वर्णिलें जातें त्याच्या एका टोंकाला रशियाचा भूदास आणि दुसऱ्या टोंकाला लंडनचा अनाथ, असें हें दोराचें माप होतें.

ज्या वस्तूवर आरमार अवलंबून ती सारी एका परक्या राजाच्या बंदरांतून यावी, यांतील धोका नेपोलियननें ओळखला. जुलै १८०७ मध्यें टिल्सिट येथें त्यानें झार अलेक्झांडर याच्याशीं तह केला आणि रशियाचीं बंदरें इंग्रजी व्यापाराला बंद झालीं. इंग्लंडांत भांगेचा भाव भडकला. गोदींचे अधिकारी सांठ्याचा हिशेब करूं लागले. तटस्थ म्हणून मिरविणाऱ्या अमेरिकन जहाजांनीं या काळांत हात धुवून घेतले. रशियांतून भांग भरावी आणि ती शेवटीं इंग्रजाच्याच गोदींत पोंचावी, असें पुष्कळदां होई. डिसेंबर १८१० मध्यें झारनें तटस्थ जहाजांना मोकळीक दिली आणि नेपोलियनच्या कोंडींत मोठें भगदाड पडलें. १८१२ ची रशियावरील स्वारी केवळ भांगेसाठीं झाली असें जें कांहीं उत्साही लेखक म्हणतात तें अतिशयोक्तीचें आहे. पोलंडचा प्रश्न होता, दोन बादशहांची चढाओढ होती. परंतु बंदरें आणि व्यापार हें भांडणाचें एक मुख्य मूळ होतें, आणि त्या व्यापारांत भांग ही वरच्या क्रमांकाची वस्तु होती, एवढें निःसंशय.

याच संकटाच्या छायेंत ईस्ट इंडिया कंपनीची नजर हिंदुस्थानकडे वळली. भांग तर येथें हिमालयापासून समुद्रापर्यंत उगवते; मग रशियाची मिनतवारी कशाला, असा साधा विचार होता. कलकत्त्याच्या वनस्पति-उद्यानाचा प्रमुख विल्यम रॉक्सबर्ग यानें हें काम मनापासून केलें. १७९३ पासून तो त्या उद्यानावर होता. त्यानें भांग, ताग, अंबाडी, पाट, नारळ आणि कितीतरी रानझाडें यांच्या तंतूंच्या दोऱ्या वळविल्या, त्यांना वजनें टांगून त्या केव्हां तुटतात तें टिपून ठेविलें; त्याच दोऱ्या साध्या, डांबर लावलेल्या आणि सालीच्या रंगांत बुडविलेल्या अशा तिन्ही प्रकारांनीं तपासल्या; कित्येक आठवडे सांचलेल्या पाण्यांत ठेवून पुन्हां तपासल्या. हातीं यंत्र नसतां केवळ दोरी, वजन आणि चिकाटी यांच्या बळावर केलेले हे प्रयोग आजही वाचनीय आहेत. लंडनच्या कलासंस्थेनें त्याला सुवर्णपदक देऊन गौरविलें. रॉबर्ट विसेट यानें तर १८०८ सालीं भांगेवर एक सबंध ग्रंथच प्रसिद्ध केला.

इतकें होऊनही योजना फसली. तिचीं कारणें पाहण्यासारखीं आहेत. पहिलें कारण हवा. भांग ही दिवसमानावर फुलणारी वनस्पति आहे. दिवस आंखूड होऊं लागले कीं ती उंची वाढविणें थांबवून फुलोरा धरते. उत्तरेकडील देशांत उन्हाळ्याचा दिवस फार मोठा असतो, त्यामुळें तेथील वाणांना वाढावयास पुरेसा अवधि मिळतो. तेच वाण उष्ण कटिबंधाजवळ आणले तर ते लवकर फुलतात आणि खुजे राहतात. उलट आपल्या मैदानांतला देशी वाण पिढ्यान्‌पिढ्या नशेसाठीं निवडलेला. दुसरें कारण पैशाचें. केप ऑफ गुड होपला वळसा घालून येणाऱ्या जहाजाचें भाडें रीगाच्या भाड्याच्या मानानें फारच जड. तिसरें कारण रयत. ज्या पिकाला उद्यां गिऱ्हाईक राहील कीं नाहीं याची शाश्वति नाहीं तें धान्याच्या जागीं कां पेरावें, हा तिचा प्रश्न कंपनीच्या अधिकाऱ्यांना आळसाचा वाटला. तो आळस नव्हता, हिशेब होता; आणि तो बरोबर ठरला. १८१५ सालीं युद्ध संपतांच रशियाची भांग पुन्हां मुबलक येऊं लागली आणि कंपनीचा उत्साह त्याच वर्षाच्या भरतीबरोबर ओसरला.

मुंबई बेटाचा या कथेंतला भाग थोडा पण लक्षांत राहण्यासारखा आहे. वाडिया घराण्याच्या पारशी सुतारांनीं येथील गोदींत मलबारी सागवानाचीं जहाजें बांधलीं. १८१० सालीं पाण्यांत उतरलेलें 'मिंडेन' हें त्यांपैकीं, आणि १८१७ चें 'ट्रिंकोमाली' तर इंग्लंडांत हार्टलपूल येथें अद्याप तरंगतें आहे. कोटाच्या भागांत काळ्या घोड्याजवळ एक अरुंद गल्ली 'रोपवॉक लेन' म्हणून अजून ओळखली जाते. दोर वळणारा मागें मागें चालत जातो, म्हणून दोरशाळेला इंग्रजींत 'रोपवॉक' म्हणतात. नित्य त्या गल्लींतून जाणाऱ्यांपैकीं फारच थोड्यांना हें ठाऊक असेल.

घाटावर मात्र दोराचें राज्य तागाचें आणि अंबाडीचें होतें, आणि तें कोणत्याही कंपनीनें शिकविलेलें नव्हतें. मोटेचा नाडा आणि सोल, बैलांची वेसण, कासरा, दावीं, म्होरकी, गाडीचें चऱ्हाट, धान्याच्या गोणी हा सगळा कारभार गांवांतल्या गांवांत चाले. बलुत्यांच्या व्यवस्थेंत दोर वळण्याचें काम मांगाकडे असे. वाख काढणें, तो पाण्यांत कुजविणें, आणि पीळ भरणें ही कला त्या घरांत वंशपरंपरेनें टिकली. ज्याच्या दोरावर सबंध गांवाची मोट चाले त्याची वस्ती मात्र गांवकुसाबाहेर. कोंकणांत तागाच्या सुताचीं मासळीचीं जाळीं विणीत. ताग द्विदल असल्यामुळें त्याच्या मुळांवरील गांठी जमिनींत नत्र भरतात, आणि म्हणून ऊस किंवा भात लावण्यापूर्वीं ताग पेरून तो हिरवाच गाडण्याची चाल शेतकऱ्यांत आहे. भांगेला हा गुण नाहीं. आज जमिनीचा कस राखणाऱ्या पिकांची जी चर्चा चालते तींत भांगेचा बोलबाला फार होतो, पण या एका बाबतींत आपला ताग तिच्या पुढें आहे.

खऱ्या भांगेचा धागा हिंदुस्थानांत टिकला तो हिमालयांत. गढवाल आणि कुमाऊंच्या उंच दऱ्यांत हवा थंड, आणि वाणही लांब दांड्याचा. तेथें दांडे भिजवून हातांनीं साल सोलीत, सूत काढीत आणि जाडें, टिकाऊ कापड विणीत. त्याला भंगेला म्हणत. त्याचेच पोशाख, त्याच्याच धान्याच्या थैल्या. बियांची चटणी तर तेथें अजून घरोघरीं होते. १८१५ मध्यें कुमाऊं इंग्रजांच्या ताब्यांत आल्यावर कंपनीनें कांहीं वर्षें तेथून भांग खरेदीही केली. परंतु या धंद्याला एक शाप होता. भांग पेरणाऱ्या आणि तिचें कापड विणणाऱ्या लोकांना इतर जाती हलक्या मानीत. कोणाच्या घरीं भांग पेरली जावो असें म्हणणें ही त्या डोंगरांत मोठी शिवी समजली जाई, अशी एकोणिसाव्या शतकांतील इंग्रज अधिकाऱ्यांची नोंद आहे. थंडींत अंग झांकावयास भंगेला चाले. तो विणणारा मात्र चालत नसे. कंपनीला जें पीक वाढावयास हवें होतें तें वाढविण्यास शेजारचा प्रतिष्ठित शेतकरी पुढें कां आला नाहीं, याचें उत्तर बाजारभावांत नाहीं, तें येथें आहे.

अमेरिकेंतही हें काम कोणी आपखुशीनें केलें नाहीं. केंटकी राज्यांत एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत भांगेचीं मोठीं शेतें होतीं आणि तीं गुलामांच्या बळावर चालत. वाळलेले दांडे हातयंत्रावर मोडून दिवसाला १०० पौंडांच्या आसपास तंतु काढणें हा बहुधा एका माणसाचा ठराव असे. केंटकीचे लोक पेंढ्या पाण्यांत न बुडवितां शेतांत दंवावर पसरीत; त्यानें धागा काळपट होई, आणि अमेरिकेचें आरमार आपल्याच देशाचा माल नाकारून रशियाचा घेई. मग तो धागा जाई कोठें? दक्षिणेंतील कापसाचे गठ्ठे बांधावयास. एका गुलामानें वेचलेला कापूस दुसऱ्या गुलामानें काढलेल्या दोरानें बांधला जाऊन लिव्हरपूलला पोंचत असे. यादवी युद्धानंतर गुलामगिरी गेली आणि तो धंदाही खचला.

१८५४ सालीं क्रिमियाचें युद्ध पेटलें आणि रशियाचा माल पुन्हां अडला. त्याच सुमारास, १८५५ मध्यें, जॉन फोर्ब्स रॉइल यानें हिंदुस्थानांतील तंतु-वनस्पतींवरचा आपला मोठा ग्रंथ प्रसिद्ध करून पन्नास वर्षांपूर्वींचेच मुद्दे नव्यानें मांडले. या वेळीं हिंदुस्थानाला खरोखरच गिऱ्हाईक मिळालें, पण तें भांगेला नव्हे, तागालाही नव्हे, बंगालच्या पाटाला. स्कॉटलंडांतील डंडी शहराच्या गिरण्यांनीं व्हेल माशाच्या तेलांत भिजवून पाट यंत्रावर कातण्याची युक्ति आधींच साधली होती. पाटाचा धागा भांगेपेक्षां कमकुवत. ओलसर जागीं तो लवकर कुजतो. जहाजाला त्याचा उपयोग नाहीं. पण जग आतां शिडांवर चालत नव्हतें, पोत्यांवर चालूं लागलें होतें. गहू, साखर, कॉफी, कापूस सगळ्यांना पोतें हवें होतें. १८५५ मध्यें हुगळीच्या कांठीं रिश्रा येथें पहिली पाटगिरणी निघाली. इंग्रजींतील 'गनी' हा शब्द आपल्या गोणीवरूनच तयार झाला आहे. इकडे वाफेचीं जहाजें आलीं, तारेचे दोर आले, आणि डांबराशिवाय खाऱ्या पाण्यांत टिकणारा मनिलाचा दोर आला. भांगेची गरज संपत चालली.

आरमारानें हात काढून घेतल्यावर भांगेकडे सरकारचें लक्ष उरलें तें केवळ नशेचा पदार्थ म्हणून. १८९३-९४ च्या चौकशी मंडळानें देशभर साक्षी घेऊन सात खंडांचा अहवाल केला. माफक सेवनानें फारसें नुकसान होत नाहीं आणि सरसकट बंदीची जरुरी नाहीं, असा त्याचा निष्कर्ष होता. पुढील शतकांत मात्र वारा फिरला. १९३७ सालीं अमेरिकेनें भांगेवर असा कर व अशी कागदपत्रांची कटकट बसविली कीं, धाग्यासाठीं पेरणाऱ्याचाही धीर खचला. पांच वर्षांनीं, १९४२ मध्यें, जपाननें फिलिपाइन बेटें घेतलीं आणि मनिलाचा दोर बंद झाला. त्याबरोबर त्याच सरकारनें 'हेम्प फॉर व्हिक्टरी' नांवाचा बोलपट काढून शेतकऱ्यांना भांग पेरण्याची विनवणी केली. युद्ध संपलें आणि गिरण्या पुन्हां बंद झाल्या. १८०८ आणि १९४२ यांत सरकारांच्या वृत्तींत फरक शोधणाऱ्याला फारसा सांपडावयाचा नाहीं.

१९६१ च्या आंतरराष्ट्रीय करारानें धाग्यासाठीं व बियांसाठीं होणारी लागवड आपल्या निर्बंधांतून वगळली. भारताच्या १९८५ च्या कायद्यांतही सरकारला तशी परवानगी देण्याची वाट ठेविलेली आहे. फ्रान्सनें ही शेती कधींच पुरती सोडली नव्हती. ब्रिटननें १९९३ मध्यें, कॅनडानें १९९८ मध्यें आणि अमेरिकेच्या मध्यवर्ती सरकारनें २०१८ मध्यें ती पुन्हां मोकळी केली. कापसापेक्षां पाणी कमी लागतें, तण कमी माजतें, कीटकनाशकांचा खर्च वांचतो, हे या पिकाच्या बाजूचे मुद्दे खरे आहेत. परंतु दांड्याच्या वजनाचा फार तर चौथा-तिसरा हिस्साच धागा असतो. तो कुजवून सोडविण्याचें काम संपलेलें नाहीं, त्या पाण्याचें काय करावयाचें हा आठव्या हेन्रीचा प्रश्नही संपलेला नाहीं. आणि कापसाच्या चातीवर चालेल इतका तो मऊ व आंखूड करावयाचा तर पुन्हां खर्च आणि रसायनें आलीं. कापड म्हणून भांग महाग पडते ती येथें.

उत्तराखंड सरकारनें २०१८ मध्यें देशांत प्रथमच अशा लागवडीचा परवाना दिला. अट अशी कीं, झाडांतील मादक द्रव्याचें प्रमाण शेंकडा ०·३ च्या आंत असावें. शतकानुशतकें ज्या पहाडी बियाण्यापासून भंगेला विणला गेला तें देशी बियाणें या चाचणींत बहुधा नापास होतें, कारण धागा आणि नशा यांची वाटणी त्या झाडानें कधीं केलीच नव्हती. युरोपांतलें सौम्य बियाणें आणावें तर तें या अक्षांशावर लवकर फुलतें आणि दांडा आंखूड राहतो. रॉक्सबर्गच्या काळचीच ही अडचण. म्हणून सध्यां तेथील प्रयत्न चालला आहे तो दोहोंच्या मधला एखादा वाण निवडण्याचा. आणि तो निघेपर्यंत डोंगरांतील बायाबापड्या घरच्या परसांतली चार झाडें सोलून दावीं वळीत आहेत.